टेम्पो : यार्डातला आणि तालमीतला

सांगलीत नाटकाच्या तालमीला दिग्दर्शक "दुसऱ्या अंकात टेम्पो पडतोय" असे म्हणतात आणि मार्केट यार्डात हळदीची पोती टेम्पोत चढतात. हा शब्द एकच की केवळ उच्चारसाम्य, असा आपला प्रश्न आहे. शब्द एकच आहे, मात्र तो आपल्याकडे दोन वाटांनी आला.

मूळ लॅटिन 'टेम्पुस', म्हणजे काळ. त्यावरून आलेल्या इटालियन 'टेम्पो'चा पहिला अर्थ आजही वेळ हाच आहे. हवामानालाही तिथे टेम्पोच म्हणतात आणि फुटबॉल सामन्याचा पूर्वार्ध हा 'प्रिमो टेम्पो' असतो. इंग्रजी व्याकरणातला 'टेन्स' त्याच मुळातून जुन्या फ्रेंचमार्गे आला; आपणही तिथे 'काळ'च म्हणतो. बुद्धिबळात 'एक टेम्पो गमावला' म्हणजे एका चालीचा वेळ फुकट गेला, हे या बुद्धिबळाच्या गावात अनेकांना ठाऊक असेल. गतीचा अर्थ पक्का झाला तो संगीतामुळे. इटालियन संज्ञा युरोपभर रूढ झाल्या आणि रचना किती जलद वाजवायची याला टेम्पो म्हणू लागले. १८१५ साली मेल्त्सेलने मेट्रोनोम या ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतल्यानंतर ती गती मिनिटाला किती ठोके अशी आकड्यांत लिहिण्याची सोय झाली. तोच अर्थ इंग्रजीतून आपल्या रंगभूमीवर आला.

जर्मन भाषेत 'टेम्पो' म्हणजे सरळ वेग. हॅम्बुर्गच्या एका कंपनीने आपल्या तीनचाकी मालगाड्या याच नावाने विकल्या, तिच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली, आणि पुढे कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्यासाठी टेम्पोच झाली. २००५ मध्ये त्या कंपनीने नाव बदलले, तरी लोकांच्या तोंडचा शब्द तसाच राहिला.

तालमीतल्या टेम्पोला मराठीत 'लय' म्हणावेसे वाटते, पण तो नेमका प्रतिशब्द नव्हे, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. 'संगीतरत्नाकर' या संगीतावरील जुन्या संस्कृत ग्रंथात लयीची व्याख्या 'क्रियानन्तरविश्रान्तिः' अशी आहे, म्हणजे एका क्रियेनंतरची विश्रांती. तालमीत टेम्पो पडला म्हटले की नट वाक्ये भरभर म्हणू लागतात आणि शब्द गिळतात. मी अनेकदा पाहिले आहे की समोरच्याचे वाक्य संपते, नट श्वास घेतो, मान वळवतो आणि मग बोलतो. प्रवेश रेंगाळतो तो त्या फटीत. ती फट मिटवली, की वाक्य सावकाश म्हटले तरी प्रवेश चढतो.