चिनी टाइप करायला वेगळा कीबोर्ड घ्यावा लागतो का?

अजिबात नाही. नेहमीचाच इंग्रजी कीबोर्ड चालतो. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये सरलीकृत चिनी जोडा. पिनयिन इनपुट सोबतच येतं. पिनयिन म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेला चिनी उच्चार. चीनने ही पद्धत 1958 साली स्वीकारली. तुम्ही उच्चार टाइप करायचा, खाली अक्षरांची पट्टी उघडते, हव्या अक्षराचा आकडा दाबायचा. पहिलंच हवं असेल तर स्पेसबार पुरे.

नवशिके अडतात ते एकेक अक्षर शोधण्यात. नुसतं ‘शि’ टाइप केलंत तर त्याच उच्चाराची ढीगभर अक्षरं समोर येतात आणि डोकं गरगरतं. त्यापेक्षा पूर्ण शब्द, जमलं तर अख्खं वाक्य सलग टाइप करा; संदर्भावरून बरीचशी अक्षरं आपोआप बरोबर लागतात. सूर, म्हणजे चिनी उच्चारातले आवाजाचे चढउतार, टाइप करावे लागत नाहीत.

दोन खुब्या लक्षात ठेवा. पिनयिनमधला दोन टिंबांचा ‘यू’ (ü) हवा असेल तिथे ‘व्ही’ दाबा. आणि शीआन शहराचं नाव लिहिताना ‘शी’ आणि ‘आन’ यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी द्या, नाहीतर ते एकच अक्षर धरलं जातं.

वूबी, छांगच्ये या आकारावरून टाइप करायच्या पद्धती वेगवान आहेत, पण सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका. पिनयिनने उच्चारही पक्के होतात.