सुई टोचली, तर अहवालात ‘निरंक’ कसे लिहायचे?

प्रश्न: मी एका खासगी रुग्णालयात पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा समन्वयक आहे. गेल्या नोव्हेंबरात ठेकेदाराकडच्या एका सफाई मावशींना कचऱ्याची लाल पिशवी उचलताना सुई टोचली. हात धुऊन पट्टी बांधली, एवढेच. नोंद कुठेच नाही. आता प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वार्षिक अहवालात अपघातांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहून सही करा, असे प्रशासन सांगते. न झालेल्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर कामगारांच्या सह्याही मीच करून टाकायच्या आहेत. ‘बाई ठेकेदाराची, आपला काय संबंध?’ असे म्हणतात. नाही म्हटले तर नोकरी जाईल का?

उत्तर: ताई, दोन्ही कागदांवर सही करू नका. पण आधी मावशींचे बघू. अहवालाला 30 जूनपर्यंत मुदत आहे, त्यांच्या तब्येतीला नाही.

सुई टोचल्यावर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करायची असतात आणि 28 दिवस घ्यायची असतात. ती संधी नोव्हेंबरातच गेली, आणि याचा मला मनापासून राग येतो. आता एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या चाचण्या रुग्णालयाच्या खर्चाने करून घ्या. मावशींना सगळे नीट समजावून त्यांची संमती घ्या. निकाल त्यांनाच मिळाला पाहिजे, वॉर्डभर फिरता कामा नये. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही विचारा.

ठेकेदाराची सबब टिकणारी नाही. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये लसीकरण, संरक्षक साधने आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. ती आरोग्य कर्मचाऱ्यांपुरती नाही, कचरा हाताळणाऱ्या इतरांसाठीही आहे. एचआयव्ही व एड्स कायदा 2017 सुद्धा रुग्णालयात काम करणाऱ्या, संसर्गाचा धोका असलेल्या सगळ्यांना प्रतिबंधक उपचार द्यायला सांगतो. पगार कोण देते, हा प्रश्न तिथे येतच नाही.

आता अहवाल. तुमचे प्रशासन बहुधा नियम न वाचताच घाबरले आहे. ‘मोठा अपघात’ झाला तर मंडळाला ताबडतोब कळवून 24 तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. पण मोठ्या अपघाताच्या व्याख्येतून सुई टोचणे स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. अशा घटना, त्यावर काय उपाय केले यासह, फक्त वार्षिक अहवालात द्यायच्या असतात. म्हणजे खरी नोंद केल्याने रुग्णालयावर आभाळ कोसळणार नाही. सुईची जागा आरपार टोचली न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. ती लाल पिशवीत कोणत्या वॉर्डातून आली आणि पुढे काय बदलले, हे लिहिले की रकाना प्रामाणिकपणे भरतो. खोटे ‘निरंक’ मात्र सरकारी यंत्रणेला दिलेली खोटी माहिती ठरते. शिवाय नियमभंगासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. या अहवालाच्या नमुना 4 वर शेवटी सही लागते ती संस्थाप्रमुखाची. तुमची सही कायदा मागत नाही. ती कशासाठी मागितली जाते आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

हजेरीपटाचे प्रकरण याहून गंभीर आहे. दुसऱ्याच्या नावाने सही करून खोटा पुरावा तयार करणे म्हणजे बनावट दस्तऐवज. तो भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि ‘साहेबांनी सांगितले’ हा त्यावर बचाव नाही. प्रशिक्षण राहिले असेल तर आता घ्या आणि आजचीच तारीख टाका.

नकार तोंडी देऊ नका. प्रशासकांना ईमेल करा: अमुक तारखेला अमुक विभागात सुई टोचल्याची घटना घडली, नियमानुसार ती वार्षिक अहवालात यावी, मावशींच्या चाचण्यांना मंजुरी मिळावी. आरोप नको, विशेषणे नकोत. हाच विषय कचरा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घ्यायला लावा. समितीची बैठक सहा महिन्यांतून एकदा घ्यावीच लागते आणि तिचे इतिवृत्त वार्षिक अहवालासोबत मंडळाकडे जाते. एकदा इतिवृत्तात घटना आली की रकान्यात ‘निरंक’ लिहिणे अवघड होते.

नोकरीबद्दल खोटा दिलासा देणार नाही. खासगी रुग्णालयातल्या तक्रारदाराला नोकरीची हमी देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. कामगार कायद्यांखाली दाद मागता येईल का, हे तुमच्या पदनामावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरते. रजा मंजूर करणे, कारवाई करणे असे अधिकार नसतील आणि काम मुख्यतः तांत्रिक असेल, तर तुमची बाजू बळकट आहे. नेमणूकपत्र आणि कामाचे ईमेल जपून ठेवा; रुग्णांची माहिती असलेले कागद मात्र घरी नेऊ नका. दबावाखाली राजीनामा लिहून देऊ नका. एवढे करूनही खोटा अहवाल गेलाच, तर मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

घटनेच्या नोंदीची एक प्रत मावशींनाही द्या. रुग्णालयीन कामातून जडणारे संसर्गजन्य आजार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक रोग मानले जातात. पण काही वर्षांनी यकृताचा आजार निघाला आणि तोवर ठेकेदार बदललेला असला, तर दाव्यासाठी त्यांच्या हातात तोच एक कागद असेल.