उत्क्रांती शिकवल्याने मुलांची श्रद्धा ढळते का? तो धडा वगळावा का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. पहिल्याविषयी माझ्या अनुभवापुरते सांगते.

मी सत्तावीस वर्षे विज्ञान शिकवले. २०१८ साली राज्य मंडळाचे दहावीचे नवे पुस्तक आले आणि त्याच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता. त्याच वर्षी जानेवारीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनला चुकीचे ठरवले होते, त्यामुळे तक्रार येणार याची मला कल्पना होती. एका मुलाच्या पालकांकडून ती आली, पण उलट बाजूने. धडा गाळा, असे त्या पालकांचे म्हणणे नव्हतेच; मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम सांगून 'हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते' एवढे एक वाक्य मी वर्गात घालावे, अशी त्यांची विनंती होती. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः एकादशी करता, मग एका वाक्याने काय बिघडते?"

बिघडते ते असे. पुराणातला कूर्म मत्स्याच्या वंशात जन्मत नाही. प्रत्येक अवतार काही हेतूने येतो आणि कार्य संपले की जातो. उत्क्रांतीला हेतूच नसतो. संततीत आपोआप फरक पडतात, त्यांतले जे परिस्थितीत टिकून पुढची पिढी वाढवतात त्यांचे गुण पसरतात, आणि असे मोठे बदल साचायला बहुधा लक्षावधी वर्षे लागतात. दशावतार मनात धरून बसलेल्या मुलाला तिथे एक शिडी आणि वरच्या पायरीवर माणूस दिसतो. प्रत्यक्षात ते फांद्यांचे झाड आहे, ज्यात माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही, तर माणूस आणि चिंपांझी यांचे सामाईक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेले. परीक्षेत सर्वाधिक चुका नेमक्या इथेच होतात.

मी ते वाक्य घातले नाही. वर्षअखेर माझ्या गोपनीय अहवालात 'सहकार्याची वृत्ती कमी' असा शेरा पडला. एकादशी मी आजही करते. पोथी वाचताना मी तिच्याकडे जीवाश्म मागत नाही आणि वर्गात पोथी उघडत नाही, यात विसंगती कोणती, हे मला अद्याप कोणी समजावलेले नाही.

वगळण्याविषयी एवढेच, की २०२३ मध्ये सीबीएसई शाळांची पुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली ती अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली, धर्माच्या नव्हे. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, परंतु दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळणाऱ्या मुलाशी तिची गाठ कधीच पडणार नाही.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांची श्रद्धा ढळली, हे मी मोजलेले नाही. वारीला जाणारे माजी विद्यार्थी मात्र मला दरवर्षी भेटतात. एक कबुली द्यायला हवी. त्या पालकांच्या मुलाला मी भर वर्गात, "नरसिंहाचा जीवाश्म कुठे सापडला?" असे विचारले आणि सारा वर्ग हसला. ते मी करायला नको होते. शेरा त्यासाठी मिळाला असता, तर मी मुकाट्याने सही केली असती.