पॅनेल बसवली, तरी बिल का उतरत नाही?

प्रश्न : छतावर ३ किलोवॉटची सौर यंत्रणा आहे. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर महिन्याला ३५० युनिटच्या आसपास निर्मिती दिसते, पण बिल त्या मानाने कमी झालेले नाही. मीटर सदोष असेल का?

उत्तर : मीटर तपासायला सांगण्याआधी दोन आकडे शेजारी मांडून पाहा : अ‍ॅपवरची महिन्याची निर्मिती आणि त्याच महिन्याच्या बिलावरची निर्यात, म्हणजे घरात न वापरता ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) गेलेली वीज. ३५०पैकी २४० युनिट बाहेर गेली असतील, तर घरात वापरली गेली फक्त ११०. निर्यातीची वजावट युनिटला युनिट मिळत असेल तर काही बिघडत नाही. ती कमी दराने जमा होत असेल, तर दुपारी स्वस्तात दिलेली वीज तुम्ही रात्री महागात परत घेता. बहुतेक वेळा घोडे इथेच अडलेले असते.

यावर उपाय एकच, जास्त वीज खाणारी कामे उन्हाच्या वेळेत आणायची. साठवणीचा २ किलोवॉटचा गीझर घ्या. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १ युनिट लागते, म्हणजे अर्धा तास. टायमर लावून तो साडेअकराला सुरू करा. टाकीचे आवरण चांगले असेल तर संध्याकाळी पाणी गरमच मिळते.

पण इथे एक चूक हमखास होते. ऊन आहे म्हणून गीझर, पाण्याचा पंप आणि पाणी तापवणारे वॉशिंग मशीन एकदम लावले जाते. तिघांचा भार होतो ५ किलोवॉट. तुमची पॅनेल कडक उन्हातही बहुधा सव्वादोन ते अडीच किलोवॉटच देतील, कारण त्यांची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि पुढच्या प्रत्येक अंशाला ती ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. छतावर पॅनेल ६० अंशांपर्यंत सहज तापतात. कमी पडणारी वीज ग्रिडमधून येते आणि बिलात दिसते. तेव्हा ही कामे एकामागून एक करा. आधी गीझर, तो बंद झाला की पंप, मग कपडे.

प्रश्न : सकाळी ९ ते ११ टाकीची सावली एका पॅनेलच्या खालच्या कडेवर पडते. पट्टा वीतभरच आहे. दुर्लक्ष करावे का?

उत्तर : करू नका. पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एकापुढे एक जोडलेले असतात. एक झाकला की त्याच्या ओळीचा प्रवाह अडतो. त्याला वळसा द्यायला बहुधा तीन बायपास डायोड असतात, प्रत्येकाकडे पॅनेलचा एक उभा तिसरा भाग. उभ्या बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या पॅनेलची खालची कड झाकली की तिन्ही भाग एकदम जातात, म्हणजे वीतभर सावलीने अख्खे पॅनेल गेले! तेच आडवे बसवले तर एकच तृतीयांश जातो. अर्धे कापलेले सेल असलेले नवे पॅनेल उभे बसवले तर त्याचा वरचा अर्धा भाग चालू राहतो. शक्य असेल तर टाकी किंवा पॅनेल हलवा. ते जमत नसेल तरच ऑप्टिमायझरचा, म्हणजे प्रत्येक पॅनेलची वीज स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या उपकरणाचा, खर्च करा.

प्रश्न : पॅनेल कशाने धुवावीत?

उत्तर : साध्या मऊ पाण्याने, मऊ ब्रशने, भल्या सकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग प्रकाश अडवतात. पॅनेलवर पाय देऊ नका. सेलला पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : ग्रिडची वीज गेली की भर उन्हातही आमची सौर वीज बंद पडते. असे का?

उत्तर : हा बिघाड नाही. तारांवर काम करणाऱ्याला तुमच्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. वीज चालू हवी असेल तर ग्रिड नसताना बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि मोजक्या उपकरणांचे वेगळे सर्किट लागते. दिवे, पंखे मिळून २०० वॉट पाच तास चालवायचे तर १ युनिट हवे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणून ती २ युनिटची घ्या. गीझर मात्र त्या सर्किटवर जोडू नका.