राजदंडातला हिरा आणि आजीच्या कुड्या

प्रश्न : रशियाच्या कॅथरीन राणीचा राजदंड सोन्याचा, मग त्यात चांदी कशाला? आणि त्यातला ऑर्लोव्ह हिरा इतर हिऱ्यांसारखा का लखलखत नाही?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : पिवळ्या सोन्यात पांढरा हिरा बसवला की तो सोन्याची पिवळट झाक घेतो. अठराव्या शतकात प्लॅटिनमचे दागिने रुळले नव्हते, त्यामुळे हिऱ्याला चांदीचं कोंदण आणि बाकी घडाई सोन्याची, अशी पद्धत होती. राजदंडाचा दांडा झिलई दिलेल्या सोन्याचा, तीन भागांचा. त्यावर ब्रिलियंट पैलूंच्या, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या घाटाच्या, हिऱ्यांची आठ कडी. माथ्याशी १७७४ मध्ये बसवलेला ऑर्लोव्ह, त्याच्यावर मीनाकाम केलेला दोन तोंडांचा गरुड.

ऑर्लोव्ह आपल्याकडचाच, गोवळकोंड्याचा. वजन १८९.६२ कॅरेट, म्हणजे जवळजवळ सव्वातीन तोळे! आकार अर्ध्या कापलेल्या अंड्यासारखा: एक बाजू सपाट, दुसरीकडे घुमट आणि त्यावर बारीक पैलूंच्या ओळी. पैलू एकूण सुमारे १८०. ब्रिलियंटला ५७-५८ असतात. पण पैलू जास्त म्हणून चमक जास्त, असं होत नाही. ब्रिलियंटचा खालचा निमुळता भाग उजेड परत वर फेकतो, सपाट तळातून तो बराचसा निसटतो. म्हणून अशा हिऱ्याची चमक ठिणगीसारखी नसते, ती पाण्यासारखी संथ असते. आम्हाला तीच जास्त देखणी वाटते.

प्रश्न : आजीच्या कुड्यांत सपाट तळाचे हिरे आहेत, चांदीचं बंद कोंदण आहे. पावसाळ्यानंतर हिरे करडे दिसतात. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी दागिने धुणाऱ्या) मशीनमध्ये धुऊ का?
– एक वाचक, दादर

उत्तर : मुळीच नको. बंद, म्हणजे मागून झाकलेल्या, कोंदणात हिऱ्यामागे बहुधा चकाकता पातळ पत्रा असतो. कडेच्या फटीतून पाणी शिरलं की तो काळवंडतो आणि हिराच मळल्यासारखा दिसतो. मशीन पाणी आणखी आत ढकलेल.

आधी भिंगातून पाहा. काळेपणा फक्त चांदीवर असेल, तर चांदी पुसायच्या कोरड्या कापडाने हलकेच पुसा. तो हिऱ्याखाली असेल, तर पत्राच बदलावा लागतो. त्यासाठी जुनं जडावाचं काम करणारा कारागीर गाठा. कोंदणाची कड वारंवार उचलली तर तडकते, म्हणून एकदाच उघडून दोन्ही कुड्यांचे पत्रे बदलून घ्या, नाहीतर जोडीच्या रंगात फरक दिसेल. हिरा आत असताना झाळकाम (धातू तापवून सांधणं) करू देऊ नका. घरी ठेवताना हवाबंद पिशवी आणि सिलिका जेलची पुडी पुरे. रबरबँड मात्र लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.