स्वभाव अगदी विरुद्ध आहेत, लग्न करावं का?

“आत्ता त्याचं वेगळेपण आवडतं. पाच वर्षांनी त्याचाच वैताग आला तर?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका जोडीबद्दल सांगते.

तो घोड्यांची पैदास करणारा, बोलणं मोजकं. ती त्याच्या फार्मचे हिशेब बघायला आलेली आणि चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या खुराकाच्या, पोत्यांची नोंद सापडेना म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्याशी भांडलेली.

मग एका रात्री घोडी व्यायली. शिंगरू साधारण तासाभरात उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं, तीन तासांत घोडीची वार पडावी, हे त्याला पाठ. पण घोडीच्या मानेवर हात ठेवून बसला की त्याला वेळेचं भान राहत नाही. वहीत वेळा लिहीत होती ती. “दोन तास होऊन गेले, अजून प्यायलं नाही,” असं तिने सांगितल्यावर त्याने डॉक्टरांना फोन लावला. शिंगरू वाचलं. “माझ्या नुसत्या आवाजाने घोडी बिथरत होती, ह्याच्या हाताखाली मात्र गप्प,” ती म्हणाली. मला ही जोडी तिथेच आवडली.

अडचण होती ती वादाची. काही खटकलं की तो पागेत जाऊन घोड्यांचं अंग घासत, खरारा करत बसायचा. “घोड्याचा कान जरा मागे गेला तरी ह्याला कळतं, माझा चेहरा नाही कळत!” तो खाली बघत म्हणाला, “हात चालू राहिले की डोकं शांत होतं गं.”

जोडप्यांवर संशोधन करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण न मिटणारे आढळले, सुखी जोडप्यांचेसुद्धा. म्हणून ‘लग्नानंतर बदलेल’ या आशेवर होकार देऊ नका, हे मी स्पष्ट सांगते. स्वभावांच्या फरकाची मला फारशी काळजी नसते. एकमेकांना तुच्छ लेखतात का, मुलं आणि पैसा यांबद्दल मोकळं बोलतात का, हे मी बघते.

त्याला मी एवढंच सुचवलं: पागेत खुशाल जा, वीस मिनिटं तरी लागतातच निवायला, पण परत कधी येणार ते सांगून जा.

आता तो “अर्ध्या तासात आलो” म्हणून जातो. एकोणतिसाव्या मिनिटाला ती पागेच्या दारात हजर असते. म्हातारी घोडी विकायची की ठेवायची, हे मात्र अजून ठरलेलं नाही.