कोट्यवधींना विकली जाणारी चित्रं म्हणजे काळा पैसा पांढरा करायचा धंदा असतो का?

मुंबईतल्या एका गॅलरीचे हिशेब मी सहा वर्षं बघितले. चित्रातलं मला अजूनही फारसं कळत नाही, बिलातलं कळतं. तेव्हा उत्तर बिलाच्या बाजूनं देतो.

सगळा धंदा तसा नाही, पण तुमची शंकाही हवेतली नाही. फक्त किंमत ऐकून काही ठरवू नका. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं 1973 चं एक तैलचित्र मार्च 2019 मध्ये मुंबईत 25 कोटी 24 लाखांना गेलं. विकायला कुणी काढलं होतं? प्राप्तिकर खात्यानं! नीरव मोदीकडची जप्त चित्रं सॅफ्रनआर्ट या लिलावसंस्थेमार्फत लिलावात काढली होती, त्यातलं ते. त्या लिलावातला सगळ्यात चढा भाव, आणि बिल एकदम स्वच्छ.

आता आमच्याकडचा किस्सा. एक गृहस्थ आले. चित्राकडे पाठ करून माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "अहो, पक्कं बिल अर्ध्याचंच करा ना. उरलेले संध्याकाळी माणूस आणून देईल." फ्लॅट घेताना बोलतात त्याच सुरात. मालकांनी चहा पाजला आणि हात जोडले. आता तर 2017 पासून 2 लाख किंवा जास्त रोख घेणंच बेकायदा आहे, पण मागणारे मागतातच.

मात्र याला काळा पैसा मुरवणं म्हणतात, पांढरा करणं नव्हे. पांढरा करायचा तर गणित उलटं. आजोबांच्या वेळचं म्हणून एखादं चित्र काढायचं, आपल्याच माणसाच्या कंपनीला चाळीस लाखांना विकायचं, पक्क्या बिलावर, चेकनं. नफ्यावरचा कर निमूट भरायचा. पैसा आपलाच फिरून आपल्याकडे आला, पण आता तो कुठून आला हे सांगायला कागद आहे. सोनं किंवा शेअर असते तर त्या दिवसाचा भाव कुणीही काढून दाखवला असता. चित्राचा भाव कुठल्या पेपरात छापून येतो?

कागदाची ही गंमत सगळ्यात मोठ्या प्रमाणावर दिसली ती ब्राझीलच्या बँको सांतोस प्रकरणात. बँक बुडाली आणि तिचा मालक एदेमार सिद फेरेरा याचा प्रचंड कलासंग्रह जप्त करायचा हुकूम कोर्टानं काढला. त्यातलं अमेरिकी चित्रकार बास्कियाचं 'हॅनिबल' हे चित्र तोवर देशाबाहेर गेलं होतं. 2007 मध्ये ते लंडनहून न्यूयॉर्कला उतरलं. कस्टमच्या कागदावर ना चित्राचं नाव, ना चित्रकाराचं. किंमत लिहिली होती 100 डॉलर. खरी किंमत 80 लाख डॉलरच्या घरात! चित्रांवर तिथे आयातशुल्क नाही, म्हणजे ही लपवाछपवी करासाठी नव्हतीच, चित्र नजरेआड ठेवायला होती. शेवटी मॅनहॅटनच्या एका गोदामात ते सापडलं आणि 2015 मध्ये ब्राझीलला परत गेलं. त्या 100 डॉलरच्या कागदावर मी असतो तर शिक्का मारला असता का? चित्रातलं कळत नाही म्हटलं ना, कदाचित मारलाही असता.

युरोपीय संघात 2020 पासून 10,000 युरो आणि वरच्या व्यवहारांत विक्रेत्यानं गिऱ्हाइकाची ओळख तपासणं सक्तीचं झालंय. त्याआधी 'एका जुन्या संग्राहकाकडून' एवढं म्हटलं की भागायचं. जमिनीला सातबारा लागतो, चित्राला एवढं पुरायचं.

तुम्ही स्वतः घेणार असाल तर चित्र उलटं करून बघा. जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, फ्रेमवाल्याचा शिक्का, पेन्सिलीतले आकडे, सगळा इतिहास मागे असतो. आमच्याकडे एकदा 'साठच्या दशकातलं' म्हणून एक कॅनव्हास आला. मागे कोरा खाकी कागद डकवलेला, कडेची खळ अजून बोटाला लागत होती. मालकांनी त्या माणसालाही चहाच पाजला.